नको म्हणणाऱ्याची काठी

कोसबोडीच्या गुणवंतरावांनी अकरा वर्षांत अकरा वेळा पाण्याची काठी सोडली, आणि अकराही वेळा ती दिवस मावळायच्या आत त्यांच्याच ओसरीतल्या खुंटीवर परत आली. आता असं सोडणं म्हणजे काय सोडणं, बाप्पा! मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कोणी पाहत नाही. पण गावाला डोळे होते, आणि सगळ्यात उघडे डोळे होते त्यांच्या बायकोचे, मनकर्णेचे.

काठीचं असं होतं. सिंदेवाहीच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला वसलेलं हे धानाचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला जुना मालगुजारी तलाव. मालगुजार गेला, मालगुजारी गेली, तलाव तेवढा राहिला. दसऱ्याच्या सुमाराला पाऊस हात आखडतो आणि नेमकं तेव्हाच धान पोटरीत येतं, कणीस बाहेर पडायचं असतं. मग तलावाचं पाणी सोडावं लागतं. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी, कोणाच्या मागून, किती वेळ, हे ठरवायला गाव दरवर्षी एक माणूस नेमत असे आणि त्याच्या हाती खाचा पाडलेली एक तेंदूची काठी देत असे. काठी पाण्यात उभी करून तो पाणी मोजायचा, आणि तो म्हणेल तसं पाणी वाहायचं. सरपंचाला सरकारी कागद येत, पण रस्त्याने जाताना रामराम पडत ते काठीवाल्याला.

गुणवंतराव पाणी शेपटाकडून देत. म्हणजे तलावापासून सगळ्यात लांब ज्या बांध्या, त्यांना सगळ्यात आधी, आणि स्वतःची तलावाच्या पाळीखालची, म्हणजे बंधाऱ्यालगतची, बांधी सगळ्यात शेवटी. शेपटाच्या बांध्या बौद्ध मोहल्ल्यातल्या लोकांच्या आणि चार-दोन एकट्या बायांच्या. आधीच्या काठीवाल्यांच्या काळात तिथे पाण्याची नुसती बातमी पोचायची, पाणी नाही. गुणवंतरावांनी ते मोडलं आणि कोणाच्या बापाला भ्यायले नाहीत. माणूस न्यायाचा होता, यात वाद नाही.

पण त्यांना मान पाहिजे होता, आणि तो मागायचा नव्हता. इथेच सगळी गंमत. दरवर्षी तलावाच्या पाळीवर सभा भरायची. गुणवंतराव तिथल्या मातेच्या, म्हणजे गावदेवीच्या, ओट्यावर काठी ठेवत, उपरण्याने कपाळ पुसत आणि म्हणत, "आता माह्याच्यानं होत नाई. दुसरा पाहा." मग पाच-पंचवीस माणसं "नाई भाऊ, तुमीच, तुमीच" करत गळ घालत, आणि गुणवंतराव कडू काढा घ्यावा तसं तोंड करून काठी उचलत.

पहिल्या वर्षी, सभेच्या आदल्या सकाळी, मनकर्णा शेण काढायला गोठ्यात गेली तर नवरा बैलापुढे उभा. "गाववाल्यांनो, आता माह्याच्यानं होत नाई," असं बैलाला सांगून मान खाली घातलेली. मग एक डोळा वर करून पाहणं. बैल रवंथ करत होता. मनकर्णा दाराआड तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता मध्येच थांबली. हा माणूस उद्या खरंच काठी खाली ठेवील, आणि समोरचे लोकही या बैलासारखेच गप्प राहिले तर?

त्याच दुपारी ती विरजण मागायच्या निमित्ताने लटारूच्या घरी गेली. तिथून वच्छलेकडे, तिथून आणखी दोन घरी. "आमच्या घरचे यंदा काठी सोडतो म्हनते. तुमी म्हनलं तं आयकतीन, बाप्पा." एवढंच बोलायची. पुढच्या वर्षीही गेली, त्याच्या पुढच्या वर्षीही. घरात दोन म्हशी दुभत्या, दह्याची गाडगी भरलेली, आणि ही विरजण मागत गावभर! लोक काही दुधखुळे नव्हते. मनकर्णाबाई वाटी घेऊन दारात दिसली की समजत, सभा आली. गावालाही त्या खेळाची मजा वाटायची. कळलं नव्हतं ते फक्त ज्याच्यासाठी चाललं होतं त्याला.

सत्त्याऐंशी साली मात्र या खेळात रोमचा राजा शिरला.

त्याला आणला गुलाब मास्तराने. गुलाब म्हणजे बौद्ध मोहल्ल्यातल्या भागीरथेचा मुलगा, सिंदेवाहीच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचा. संध्याकाळी सायकलवरून गावात शिरला की गुणवंतरावांच्या ओसरीत टेकायचा, चहा घ्यायचा. एके काळी त्या मोहल्ल्यातल्या माणसासाठी वेगळी कपबशी असे. मनकर्णेने ती एक दिवस कोणाला न विचारता फोडून टाकली होती. भागीरथा आणि ती रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, एका रांगेत वाकायच्या, एकमेकींच्या घरचं सगळं एकमेकींना ठाऊक.

तर गुलाब मास्तर चहा फुंकता फुंकता म्हणाला, "भाऊ, आज पोरायले ऑगस्टस शिकवला. मले तं तुमचीच आठवन आली."

"कोन गा तो?"

"रोमचा पयला बादशहा. पन सोताले राजा म्हनवून नाई घेतलं कदी. एक दिवस भर सभेत गेला अन् म्हने, घ्या तुमचं राज्य वापस, मले नाई पायजे. सभेतले लोक लागले गयावया कराले. मंग म्हने, बरं, तुमी म्हनता तं दहा वर्सं ठेवतो. दहा वर्सं झाले का आनखी तेच. असं करत करत चाळीस वर्सं राज्य केलं त्यानं."

गुणवंतरावांच्या हातातली बशी वरच्या वर राहिली. आपल्यासारखा एक माणूस दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला, आणि चाळीस वर्षं टिकला! आत चुलीपाशी मनकर्णेला खुदकन हसू आलं. पण गुणवंतराव हसले नाहीत. त्यांनी मास्तराला दुसरा चहा पाजला.

त्या दिवसापासून ओसरीत रोज रोम. त्याला राज्य मिळालं कसं? आजीच्या भावाने मृत्युपत्रात दत्तक घेतलं, तो होता मोठा सेनापती, त्याचं नाव मिळालं, आणि नावामागे त्याची फौज आली. बाकीचे दावेदार? कोणाशी आधी दोस्ती, मग लढाई. आणि मिळालेलं टिकवलं कसं? मास्तर खुलून सांगायचा: पद नाही घ्यायचं, पदाचा अधिकार तेवढा घ्यायचा. लोकांना धान्य द्यायचं, खेळतमाशे द्यायचे. घरच्या बायांनी विणलेले साधे कपडे घालायचे. स्वतःला म्हणवायचं फक्त 'पहिला नागरिक'. एक महिना त्याच्या नावाचा झाला, ऑगस्ट.

"म्हंजे आपला पोळ्याचा महिना?" गुणवंतरावांनी विचारलं.

"कदी कदी पडते पोळा त्यात."

"वा रे पठ्ठ्या!"

दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी टेरीकॉटचा सदरा पेटीत टाकला आणि ठिगळाची बंडी काढली. घरच्या बाईने विणलेला कपडा पाहिजे म्हणून मनकर्णेकडे मफलर मागितला, भर भादव्यात. ती म्हणाली, "मले विनता नाई येत, गोधडी शिवता येते. पांघरून फिराल का गावात?" त्यांनी विषय बदलला.

मग मास्तराने राजाच्या अंगरक्षकांची पलटण सांगितली, आणि गुणवंतरावांनी लगेच कोलू आणि सुकलू, गावातले दोन दांडगे गडी, लाठी देऊन मागे-पुढे चालायला ठेवले. परसाकडे निघाले तरी कोलू पुढे, सुकलू मागे. गावच्या बायांना तोंडाला पदर लावून लावून जबडे दुखायला लागले. आठ दिवसांनी मास्तर पुढच्या धड्यावर आला: याच अंगरक्षकांनी पुढे एका राजाला मारलं, त्याचा घाबरट काका पडद्यामागे लपला होता त्याला ओढून राजा केलं, आणि एकदा तर राज्याचा लिलावच मांडला. गुणवंतरावांनी ते ऐकून सुकलूकडे एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी दोघांनाही धानातलं गवत काढायला पाठवलं.

इथवर मनकर्णेने हसण्यावारी नेलं. नवऱ्याला एवढ्या उत्साहात तिने लग्नानंतर पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही रोमची गोडी लागली होती. भाजी निवडता निवडता ती कान ओसरीकडे लावून बसायची.

पण मास्तर शेवटी एक दिवस राजाच्या मरणावर आला. म्हातारा झाला होता, शहात्तराच्या घरात. "लोकं म्हनत," मास्तर म्हणाला, "का त्याच्या बायकोनंच त्याले मारलं. त्याले झाडावरून सोताच्या हातानं अंजीर तोडून खाची सवय होती, तं म्हने तिनं झाडावरच्या अंजिरालेच इख लावून ठेवलं. पुरावा काईच नाई, भाऊ. नुसती अफवा. पन्नास वर्सं संसार केला होता त्यायनं."

अफवा हा शब्द गुणवंतरावांच्या कानावरून वाऱ्यासारखा गेला. त्यांची नजर अंगणातल्या सीताफळाच्या झाडावर होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सीताफळ सोडलं. मग ताट वाढलं की आधी थोडं मांजरीपुढे टाकू लागले. मांजर खाऊन अंग चाटत बसली की मग जेवत. मनकर्णेला आधी कळेना. कळलं तेव्हा तिला वाटलं, नाटक आहे, उतरेल चार दिवसांत.

उतरलं नाही. मूल गावाहून तिचा धाकटा भाऊ वारलू भेटायला आला त्या दिवशी तिने तळ्यातल्या मासोळ्यांचा रस्सा केला. दोघं पाटावर बसले. गुणवंतराव ताटाला हात लावेनात.

"आधी तू खा एक घास," ते तिला म्हणाले.

वारलूचे डोळेच भरून आले. आमच्याकडे बाई नवऱ्याच्या मागून जेवते, त्याच्याच ताटात. आणि इथे भाऊजी म्हणतात आधी तू! "वा भाऊजी!" तो म्हणाला, "याले म्हनते सुधारलेला मानूस. आमच्या बाईचं नशीब!"

"तसं नाई गा," गुणवंतराव अगदी सरळपणाने म्हणाले. "मोठ्या मानसाले घरातूनच धोका असते. रोमच्या राजाचं तसंच झालं. बायकोनं इख घातलं."

वारलूचा घास तोंडापाशी थांबला. त्याने एकदा रश्श्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मनकर्णेने नवऱ्याच्या ताटातला घास उचलला, खाल्ला, आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं. मग ती परसात गेली आणि म्हशींच्या नांदीपाशी उभी राहून रडली. बत्तीस वर्षं या माणसाला रांधून घातलं. त्याची लाज राहावी म्हणून अकरा वर्षं गावभर खोटं विरजण मागत हिंडली. आणि भावासमोर इखवाली ठरली! तिला इतका राग आला की रडणंही आवरलं.

"जाऊ दे यंदा," ती म्हशीला म्हणाली. "जाऊ दे काठी, अन् जाऊ दे राज्य."

आणि ती खरंच गेली नाही. सभेला तीन दिवस राहिले, दोन राहिले, एक राहिला. वाटी फळीवरच पालथी.

आदल्या दुपारी भागीरथा आली. दाराशी उभी राहून म्हणाली, "काऊन वं मनकर्णा, यंदा कोनाच्या घरी नाई गेली?"

मनकर्णेने सगळं सांगितलं. मासोळ्यांचं ऐकून भागीरथा इतकी हसली की खाली बसली. "मांजरीले आधी, मंग तुले! आन गुलाबले घरी येऊ दे, त्याचा रोमच काढतो मी." मग तिचं हसू ओसरलं. "पन बाई, पाळीजवळचा देवाजी फिरून राह्यला घरोघरी. म्हनते, काठी मले द्या, ज्याची बांधी पाळीजवळ त्याले आधी पानी. तलाव यंदा अर्धाच हाय. वरूनच पानी सुरू झालं तं आमच्या शेपटाले थेंब नाई येनार. धान पोटरीत हाय वं."

"मले नको सांगू," मनकर्णा म्हणाली. "त्यायले सांग. बादशहा हाय ना ते."

भागीरथेने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग उठून गेली. मनकर्णेने वाटीकडे पाहिलं नाही.

सभेच्या सकाळी पाळीवर शंभरेक माणूस जमलं. पुरुष ओट्याभोवती, बाया बाजूला मोहाच्या झाडाखाली. तलाव खरंच अर्धाच होता, काठची माती उघडी पडून भेगाळलेली. गुणवंतराव ठिगळाच्या बंडीत आले. काठी मातेच्या ओट्यावर ठेवली. उपरण्याने कपाळ पुसलं. यंदाच्या भाषणात रोमची भर होती.

"गाववाल्यांनो," ते म्हणाले, "मी काई राजा नाई. मी गावातला एक साधा मानूस. ज्याची काठी त्याले वापस. आता माह्याच्यानं होत नाई."

मान खाली. आणि थांबले.

कोणी बोललं नाही.

लटारूने मनकर्णेकडे पाहिलं. वच्छलेच्या नवऱ्याने मनकर्णेकडे पाहिलं. यंदा विरजण नाही, म्हणजे घरातूनच नको असेल, असा त्यांचा हिशेब. भाऊ खरंच थकले असतील. मनकर्णा पाण्याकडे पाहत होती. कोणीतरी खोकलं. गुणवंतरावांनी एक डोळा वर केला, पुन्हा खाली घातला. मानेला रग लागली असेल, पण वर कशी करणार? वर केली की संपलं.

देवाजी सावकाश उठला. धोतर झटकलं. "भाऊ म्हनते होत नाई, तं काऊन तरास द्याचा त्यायले? अकरा वर्सं केलं, उपकार झाले. द्या गा, मी पाह्यतो." आणि तो ओट्याकडे निघाला.

मनकर्णेला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला बरं वाटेल. बरं वाटलंही, पापणी लवते तेवढा वेळ. मग नवऱ्याचा चेहरा दिसला. मान वर झाली होती आणि ते एकेका तोंडाकडे पाहत होते, जत्रेत चुकलेल्या माणसासारखे. तिच्या शेजारी भागीरथा लुगड्याचा काठ मुठीत आवळून बसली होती. रुसवा माझा, मनकर्णेच्या मनात आलं, आणि वाळणार हिचं धान. हा कुठला न्याय?

"थांबा देवाजीभाऊ," ती म्हणाली आणि उभी राहिली.

सभेत बाई उभी राहिली म्हणून अर्धे लोक वळले, आणि ती सगळ्यांदेखत नवऱ्याशी बोलायला लागली म्हणून उरलेले अर्धे वळले.

"तुमाले काठी पायजे का नाई? एकदाचं सांगून टाका."

गुणवंतराव चपापले. "गावाची इच्छा असन तं..."

"गावाचं नाई इचारत. तुमचं इचारतो."

"माह्या इच्छेचं काय हाय त्यात? मी तं सेवक..."

"पुन्यांदा तेच!" मनकर्णेचा आवाज चढला. "भूक लागली तं ताट मांगता का नाई घरी? तसं मांगा. नसन पायजे तं देवाजीभाऊ उभे हायेत."

हसण्याची एक लाट पाळीवरून गेली. गुणवंतरावांनी गुलाब मास्तराकडे पाहिलं, पण मास्तर पायाखालची माती उकरत होता. त्याच्या पुस्तकात राजाने असं मागितल्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं. गुणवंतरावांचा चेहरा लाल झाला. ओठ हलले.

"पायजे," ते म्हणाले.

"मांगं आयकू नाई आलं, भाऊ!" वच्छला ओरडली.

"पायजे!" गुणवंतराव एवढ्यांदा बोलले की तलावावरचे बगळे उडाले. "मले काठी पायजे! मले आवडते. रस्त्यानं चाललो का लोकं उठून उभे राह्यते, ते आवडते. अन् शेपटाच्या बांधीत पानी पोचलं का मले झोप लागते. नाई पोचलं तं नाई लागत. आता द्याची तं द्या, नाई तं नका देऊ."

एवढं बोलून ते घाम पुसायला लागले, आणि हा घाम खरा होता.

"मले बी पायजे," देवाजी म्हणाला. तोही काही खोटं बोलत नव्हता. मग ठरलं, हात वर करायचे. देवाजीने विचारलं, "बायायचे हात बी मोजाचे का?"

भागीरथा बसल्या जागेवरून म्हणाली, "रोवना कराच्या टायमाले मोजता, तवा आता काऊन नाई?" बायांचेही हात मोजायचे ठरले.

हात मोजायचं काम गुलाब मास्तराकडे आलं. देवाजीसाठी बत्तीस. गुणवंतरावांसाठी आधी शेपटाकडचे सगळे, मग वच्छला, लटारू, मग पाळीजवळच्या बांध्यांचेही काही. त्यांना पाणी उशिरा मिळायचं, पण अकरा वर्षांत पाण्यावरून कोणाचं डोकं फुटलं नव्हतं, हेही त्यांना ठाऊक होतं. मास्तराने दोनदा मोजले आणि सांगितलं, "एक्केचाळीस."

काठी हातात देताना लटारू हसत म्हणाला, "काऊन बाई, यंदा विरजण नाई मांगितलं ते? आमी घाबरलोच नं!" बायांमध्ये खसखस पिकली. गुणवंतराव हसणार होते, पण हसले नाहीत. त्यांनी लटारूकडे पाहिलं, वच्छलेकडे पाहिलं, आणि मग मनकर्णेकडे. न्यायाचा माणूस होता, हिशेब जुळायला वेळ लागला नाही.

घरी जाताना ते पाळीवरून पुढे आणि ती चार पावलं मागे, नेहमीसारखी. अर्ध्या वाटेवर ते थांबले, ती जवळ येईपर्यंत.

"दरसाल जात होती?"

"दरसाल."

"अकराही वर्सं?"

"अकराही."

गुणवंतराव काठीच्या खाचांवरून अंगठा फिरवत राहिले. त्यांचा आवाज आला तेव्हा तो सभेतला नव्हता, बैलापुढचाही नव्हता. "म्हंजे आपल्या मनानं कोनीच नाई म्हनलं मले. कदीच."

मनकर्णेला गलबलून आलं. राग होता, तो कुठे गेला नव्हता, पण त्याच्या पोटातून हे वर आलं. एवढा मोठा माणूस, आणि तोंड लहान लेकरासारखं झालेलं.

"यंदा मी कोनाच्या घरी गेलीच नाई," ती म्हणाली.

ते तिच्याकडे पाहत राहिले. "एकाच्याही?"

"एकाच्याही नाई."

पाळीखाली शेपटाकडच्या बांध्या वाऱ्यावर हलत होत्या. गुणवंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, घसा साफ केला. "किती म्हनले मास्तर? एक्केचाळीस?"

"एक्केचाळीस."

"तुहा हात धरून?"

"माहा हात मी वर केलाच नाई," मनकर्णा म्हणाली, आणि त्यांना मागे टाकून पुढे चालायला लागली. "मी अजून रागात हाव."